लिमिटेड स्पोर्ट्स कार बुक करताय? रीसेल आणि एक्सपोर्टच्या अटी सही करायच्या आधी अशा वाचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली, फक्त १०० गाड्या, आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या बुक झाल्या. त्याच वर्षी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचा १५० गाड्यांचा पहिला लॉट असाच उडाला, आणि महिंद्राच्या बीई ६ बॅटमॅन एडिशनच्या ९९९ गाड्या १३५ सेकंदांत संपल्या. म्हणजे पैसे तयार आहेत, लोन सँक्शन आहे, तरी गाडी मिळेलच याची खात्री नाही. आणि ज्याला मिळते त्याला डिलिव्हरीनंतर लगेच फोन यायला लागतात, सर वर किती देऊ, तुम्ही फक्त आकडा सांगा. या वरच्या पैशाला आळा घालायला बाहेरच्या देशांत कंपन्यांनी खरेदीच्या कागदातच अटी घालायला सुरुवात केली, इतक्या महिन्यांत विकायची नाही, विकायची तर आधी आम्हालाच विचारायचं, देशाबाहेर पाठवायची नाही वगैरे. आपल्याकडे पुण्यात घराघरात कोणी ना कोणी अमेरिकेत नाहीतर दुबईत आहे, त्यामुळे हा प्रश्न दोन बाजूंनी येतो, एक इथं मोजक्या संख्येत आलेली गाडी बुक करताना आणि दुसरं तिकडे भाचा, मुलगा, जावई गाडी बुक करून "मामा, ही घेऊ का, वर्षभरात दुप्पट होईल" असं विचारतो तेव्हा. दोन्हींसाठी लिहितोय.

पुणेकरांना हा प्रकार नवीन नाही खरं तर. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनायच्या आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची तेव्हा सरकारचाच स्कूटर वितरण आणि विक्री नियंत्रण आदेश होता, १९६० चा, आणि नवी स्कूटर ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकता यायची नाही. मग कागदावर एकाचं नाव, चालवणारा दुसराच, आणि मुदत संपली की ट्रान्सफर, असं सर्रास चालायचं. आता सरकारच्या जागी कंपनी आलीय आणि आदेशाच्या जागी करार, पण लोकांच्या डोक्यात पळवाट अजून तीच आहे, त्यावर पुढे बोलूच, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

आधी अट कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा

सगळ्या अटी सारख्या नसतात, आणि एकाच नियमाच्या भरवशावर दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायला गेलात तर फसाल.

पहिला प्रकार सरळ बंदीचा. फोर्डनं २०१६ मध्ये फोर्ड जीटीसाठी अर्ज मागवले, पहिल्या ५०० गाड्यांना साडेसहा हजारांवर अर्ज आले, आणि निवडलेल्या लोकांकडून दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं. जॉन सीना, तो कुस्तीवाला आणि अॅक्टर, त्याला सप्टेंबर २०१७ मध्ये गाडी मिळाली, महिन्याभरात त्यानं ती विकली, आणि फोर्डनं थेट कोर्टात खेचलं. जून २०१८ मध्ये तडजोड झाली, त्यानं दिलेली रक्कम कंपनीनं चॅरिटीला दिली. पण याच गाडीची दुसरी गोष्टही लक्षात ठेवा, मे २०१८ मध्ये एक फोर्ड जीटी मेकम या लिलाव कंपनीच्या लिलावात आली तेव्हा फोर्ड विक्री थांबवायला कोर्टात गेली आणि कोर्टानं लिलाव थांबवला नाही, गाडी १८ लाख डॉलरच्या आसपास गेली. नंतर फोर्डनं विकणाऱ्यावर आणि लिलाववाल्यांवर दावा लावला आणि तोही तडजोडीनंच संपला. म्हणजे विक्री प्रत्यक्षात होऊ शकते, पण त्यानंतर वकिलाची फी, तारखा आणि डोक्याला ताप तुमच्या वाट्याला येतो. कंपनीला तेवढंच पुरतं.

दुसरा प्रकार म्हणजे आधी आम्हाला परत द्या. टेस्लानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सायबरट्रकच्या करारात असं कलम घातलं होतं. ती काही स्पोर्ट्स कार नाही, पण कलम इतकं स्पष्ट लिहिलेलं की शिकायला उत्तम. पहिल्या वर्षात विकायची नाही, विकायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. खरंच अडचण आली तर आधी कंपनीला लेखी कळवायचं, कंपनीला वाटलं तर ती गाडी परत घेणार, किंमत म्हणजे तुम्ही दिलेले पैसे वजा दर मैलाला २५ सेंट वजा घासपूस-दुरुस्ती. ४,००० मैल चालली असेल तर १,००० डॉलर कट, हे तसं बरंच म्हणायचं. कंपनीला नको असेल तर तिच्या लेखी संमतीनं दुसऱ्याला विका. आणि हे न करता विकली तर ५०,००० डॉलर किंवा विक्रीतून मिळालेली रक्कम, जे जास्त असेल ते, शिवाय पुढे गाडी न देण्याचा हक्क. ओरडा झाल्यावर कलम काढलं आणि नंतर पहिल्या गाड्यांच्या ऑर्डरला परत आणलं. यातला "प्रयत्नसुद्धा" हा शब्द बघा. नुसती ऑनलाइन जाहिरात टाकली, डीलरच्या यार्डात काचेवर "फॉर सेल" लावून उभी केली, तरी अशा भाषेत तो भंग धरता येतो.

तिसऱ्या प्रकारात कोर्टबिर्ट काही नाही, फक्त वॉरंटी जाते. जनरल मोटर्सनं २०२२ मध्ये कॉर्व्हेट झी०६, एस्कलेड-व्ही आणि हमर ईव्हीसाठी जाहीर केलं की पहिल्या १२ महिन्यांत विकली तर काही वॉरंटी पुढच्या मालकाला मिळणार नाहीत आणि विकणाऱ्याला पुढच्या मागणीवाल्या गाड्यांचं बुकिंग बंद होऊ शकतं. त्याच वेळी झी०६ वर्षभर ठेवणाऱ्याला ५ लाख रिवॉर्ड पॉइंट देऊ केले. हा प्रकार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. गाडी तुमची आहे, विका, पण दुसऱ्या मालकाला वॉरंटीशिवाय तसलं इंजिन घ्यायला किती धाडस लागेल याचा विचार करा, वरचे पैसे तिथंच निम्मे होतात.

चौथा प्रकार, गाडी तुमच्या नावावर होतच नाही. लेक्ससनं एलएफएच्या वेळी, जगात एकूण ५०० गाड्या, अमेरिकेत आधी दोन वर्षांची लीज ठेवली होती. पोर्शनं २०२३ च्या ९११ एस/टी ला, १,९६३ गाड्या, अमेरिकेत पहिलं वर्ष लीजवरच दिली, मग विकत घ्या. मालक लीज कंपनी असल्यावर विकणार काय? इथं विकण्याचा विचार मुदत संपेपर्यंत डोक्यातूनच काढायचा.

आणि पाचवा, न लिहिलेला. फेरारीकडे लाफेरारीसारखी मोजकी गाडी कोणाला द्यायची हे कंपनी जुनं नातं बघून ठरवते, आधी काय घेतलं, काय पटकन विकलं, सगळं बघितलं जातं. अॅस्टन मार्टिनचे तेव्हाचे प्रमुख अँडी पामर यांनी २०१७ मध्ये व्हॅल्किरीबद्दल उघडच सांगितलं होतं की कोणी स्लॉट, म्हणजे बुकिंगमधली आपली जागा, विकताना सापडला तर गाडी जाणार आणि मिळालेली गाडी लगेच विकली तर पुढच्या स्पेशल गाड्या मिळणार नाहीत. इथं दंड वगैरे काही लागत नाही, फोन उचलला जात नाही इतकंच. कुठल्याच कोर्टात दाद मागता येत नाही अशी ही एकमेव अट आहे, त्यामुळे कागद मोकळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

जपानचं वेगळं. टोयोटानं २०२१ मध्ये लँड क्रूझर ३०० ला वर्षभर विकणार नाही असं डीलरना ग्राहकाकडून लेखी घ्यायला लावलं, कारण फक्त नफेखोरी नव्हतं, गाड्या निर्बंध असलेल्या देशांत जातील आणि एक्सपोर्टचा कायदा मोडेल ही भीती होती. मोडलं तर डीलर काही काळ गाडी विकणार नाही. हे एक्सपोर्टचं प्रकरण खाली नीट घेतो.

कागद हातात घेतल्यावर

सगळ्यात महत्त्वाचं, कागद डिलिव्हरीच्या दिवशी पहिल्यांदा बघू नका. बाणेरच्या एका शोरूममधला एक प्रसंग सांगतो. गाडीवर लाल कापड, आई हळदकुंकू आणि नारळ घेऊन उभी, वडिलांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, फोटोग्राफर घाई करतोय, आणि सेल्सवाला टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवतो, सही करायच्या जागी पिवळे स्टिकर लावलेले, फक्त इथं इथं इथं सर. त्या गठ्ठ्यात ५०० च्या स्टॅम्प पेपरवरचं एक अंडरटेकिंग, म्हणजे लेखी हमी, होतं. मुलगा वाचायला लागला तर घरचेच म्हणाले, अरे मुहूर्त जाईल. त्यानं तरी वाचलं, खुर्चीत बसून, दोन पानं, आणि त्यात बारा महिन्यांच्या पुढे "अथवा डीलरने ठरवलेल्या मुदतीपर्यंत" असं लिहिलेलं होतं. म्हणजे मुदतच नाही. ते खोडून, दोघांच्या सह्या घेऊन मगच पुढे गेला. सगळ्यांना त्या क्षणी हे जमत नाही, म्हणून बुकिंगची रक्कम भरायच्या आधी मेल टाका की डिलिव्हरीला ज्या ज्या कागदावर सही लागणार आहे त्या सगळ्याची पीडीएफ आधी पाठवा, बुकिंग फॉर्मची मागची बाजू आणि वेबसाइटवरच्या टर्म्ससकट. नाही पाठवत म्हणाले तर तेही मेलवरच म्हणू द्या.

वाचताना पहिलं बघा की करार कोणाशी आहे. कंपनीशी, इंपोर्टरशी की नुसत्या डीलरशी? डीलरनं स्वतःच्या लेटरहेडवर बनवलेलं अंडरटेकिंग असेल तर विचारा की हे कंपनीचं धोरण आहे का, असेल तर कंपनीचा कागद दाखवा. कारण डीलरची अट कधी कधी अशी असते की विकायची तर आमच्याच युज्ड कार विभागाला, आणि भाव तेव्हा आम्ही ठरवू. यात गाडीप्रेमाचा काही संबंध नाही, वरचे पैसे तुमच्याऐवजी त्यांनी घ्यायचे एवढंच. अशी अट मी तरी सही करणार नाही आणि तुम्हीही करू नका. परत घेण्याची किंमत आकड्यात किंवा सूत्रात लिहिलेली हवी, आणि उत्तर द्यायला किती दिवस तेही हवं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मी विकायला मोकळा, एवढं एक वाक्य घालून घ्या, पुढचा बराच त्रास वाचतो.

मग मुदत कधीपासून मोजायची ते. इन्व्हॉइसची तारीख, डिलिव्हरीची तारीख आणि आरटीओ रजिस्ट्रेशनची तारीख या तीन वेगळ्या तारखा असतात आणि इंपोर्टेड गाडीत त्यांच्यात बरंच अंतर पडू शकतं.

त्यानंतर "ट्रान्सफर" म्हणजे काय काय. नुसती विक्री की बक्षीसपत्रसुद्धा? बायकोच्या नावावर केली तर? स्वतःच्या कंपनीच्या नावावरून स्वतःच्या नावावर घेतली तर? भाड्यानं दिली तर? पुण्यात बरेच उद्योगवाले गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतात आणि मग सीए सांगतो म्हणून पुढच्या मार्चला हलवतात, त्यांनी हे खास बघा. आणि अपवाद लिहिलेत का, मृत्यू, गंभीर आजार, घटस्फोट, नोकरीसाठी देश सोडणं, बँकेनं जप्त करणं. मालक गेला तर आरटीओत वारसांच्या नावावर फॉर्म ३१ नं गाडी होते, तो कायद्याचा मार्ग आहे, पण करारात अपवाद नसेल तर घरच्यांना त्या दुःखात कंपनीशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. हे नक्की लिहून घ्या, कोणीही भला डीलर याला नाही म्हणत नाही.

दंडाचा आकडा बघून घाबरायचं किती? आपल्या करार कायद्यात, १८७२ चा, कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टानं १९६३ च्या फतेहचंद निकालात आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे समजावून सांगितलंय, नुकसान झालंच नसेल तर नुसता आकडा लिहिला म्हणून पैसे मिळत नाहीत. म्हणजे ५० लाख दंड लिहिला म्हणजे ५० लाख गेलेच असं नाही. पण याचा अर्थ सही करून विसरून जा असाही नाही, कारण करारात लवाद असतो, कोर्ट दिल्लीचं नाहीतर मुंबईचं लिहिलेलं असतं, आणि तिथवर जाणंच महाग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची तक्रार करता येते, ती जिल्हा आयोगात नाही तर राज्य आयोगात, पण त्याच कायद्यात एक मेख आहे. जो माणूस पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेतो तो त्या कायद्याप्रमाणे ग्राहकच नाही. म्हणजे तुम्ही फायद्यासाठी घेतली हे व्हॉट्सअॅपवरून सिद्ध झालं तर तुमची तक्रारच उभी राहत नाही. रक्कम मोठी असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, नंतर दाखवून उपयोग कमी.

आणि मनापासून सांगतो, वर्षाच्या आत विकायचा विचार आधीच डोक्यात असेल तर ती गाडी बुक करू नका. १०० गाड्यांमध्ये तुमचा नंबर लागला म्हणजे पहाटे पाचला ताम्हिणीला जायला आयुष्यभर अशा गाडीची वाट बघणारा एकजण बाहेर राहिला. त्याला तीच गाडी सहा महिन्यांनी पाच-सात लाख जास्त देऊन घ्यावी लागते. मला स्वतःला बारा महिन्यांची अट, लिहिलेला परतीचा भाव आणि अपवाद, इतकं असेल तर ती योग्यच वाटते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याच्या हातात जाते. पूर्ण पैसे घेऊन तीन-तीन वर्षं हात बांधणं मात्र योग्य नाही.

दुसऱ्याच्या नावावर घेण्याची पळवाट

हीच ती बजाजच्या काळची. करार मोडायचा नाही म्हणून गाडी आपल्याच नावावर ठेवायची, पैसे रोख घ्यायचे, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या करून समोरच्याला द्यायच्या आणि वर्ष झालं की तो करून घेईल. हे कृपा करून करू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर, मधे गाडी किती हातांतून गेली याच्याशी पीडिताला देणंघेणं नाही. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी कितीतरी जणांना विकलेली होती आणि कागदावर नाव पहिल्याचंच. आता विचार करा, दोनशे-तीनशे हॉर्सपॉवरची गाडी, चालवणारा तुमच्या ओळखीचासुद्धा नाही, एक्सप्रेसवेवर काही झालं तर नोटीस तुमच्या घरी येणार.

आणि उलट्या बाजूनं, पैसे तुमचे आणि नाव ड्रायव्हरचं नाहीतर ऑफिसमधल्या कोणाचं, कारण तुमच्या नावावर कंपनी आता गाडी देत नाही. हे बेनामी व्यवहारात जाऊ शकतं. १९८८ चा बेनामी कायदा २०१६ मध्ये कडक झाला, त्यात जंगम मालमत्ताही येते, शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. कंपनीच्या अटीतून सुटायला कोणी एवढी जोखीम घेऊ नये.

खरंच विकावी लागली तर

नोकरी गेली, आजारपण आलं, होतं असं. आधी जाहिरात टाकू नका, ओळखीत कोणाला फोटोही पाठवू नका, पहिलं काम मेल. डीलर आणि कंपनी दोघांना एकाच मेलमध्ये, साध्या भाषेत. गाडीचं नाव, चेसिस नंबर, डिलिव्हरीची तारीख, आजचं रीडिंग, विकण्याचं खरं कारण, कराराच्या कुठल्या कलमाखाली लिहिताय तो नंबर, आणि शेवटी दोनच मागण्या: आपण करारातल्या भावानं परत घेणार का ते अमुक तारखेपर्यंत कळवा, घेणार नसाल तर दुसऱ्याला विकायला लेखी ना-हरकत द्या. राग, धमकी, वकिलाची भाषा पहिल्या मेलमध्ये नको. फोनवर "हो सर करून टाका" म्हणाले तर लगेच मेल टाका की आत्ता फोनवर आपण असं असं म्हणालात. उत्तर आलं नाही तर आठवण, मग स्पीड पोस्ट.

संमती आली की पुढचं नेहमीचंच. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आधी एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवा. फॉर्म २९ आणि ३०, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा, पीयूसी, इन्शुरन्स, पॅन-आधार. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळचं पुणे आरटीओ, एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवड. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी काढावी लागते आणि तिथं त्याला तिथला रोड टॅक्स भरावा लागणार हे भाव ठरवतानाच बोला, कारण महागड्या गाडीत हा आकडा छोटा नसतो, महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून या कराची वरची मर्यादाच २० लाखांवरून ३० लाखांवर गेलीय. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर आरटीओला कळवायची मुदत १४ दिवस, बाहेरच्या राज्यात ४५. नो क्लेम बोनस तुमचा तुमच्याकडे राहतो, तो गाडीबरोबर जात नाही, इन्शुरन्सवाल्याकडून सर्टिफिकेट घ्या.

युज्ड कार डीलरला देणार असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदणी असलेला आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून तशी पद्धत आलीय आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर होते. नोंद न करता नुसती यार्डात उभी करून ठेवणाऱ्याकडे अशी गाडी देऊ नका.

एक्सपोर्टचं, म्हणजे तिकडून इकडे आणि इकडून तिकडे

माझ्या भाच्यानं डॅलसहून कागदाचा फोटो पाठवला होता, "मामा, हे नो-एक्सपोर्ट अॅग्रीमेंट काय आहे, मी तर गाडी इथंच चालवणार आहे ना?" अमेरिकेत मागणीवाल्या गाडीला हे अॅग्रीमेंट अगदी नेहमीचं. ठरावीक काळात, बहुतेकदा वर्षभर, गाडी देशाबाहेर गेली तर तुम्ही डीलरला अमुक रक्कम देणार असं त्यात असतं. यामागचं कारण समजून घ्या. एकच गाडी अमेरिकेत स्वस्त आणि चीनमध्ये कितीतरी महाग, म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी तिथं दुसऱ्यांच्या नावानं गाड्या घेऊन चीनला पाठवायचा मोठा धंदा चालला. कंपन्या मग डीलरकडूनच पैसे कापून घ्यायला लागल्या, आणि डीलरनं तो बोजा ग्राहकाच्या सहीवर टाकला. फेडरल एजंटांनी गाड्या जप्तही केल्या, नंतर बऱ्याच प्रकरणांत सरकारनं माघार घेतली. पण डीलरचा करार तुमच्याशी आहे, तो कायम.

भाच्याला मी एकच गोष्ट सांगितली, सही कर, पण त्यात हे बघ की गाडी तू इथल्याच दुसऱ्या माणसाला विकलीस आणि त्यानं बाहेर पाठवली तर जबाबदारी कोणाची. बऱ्याच कागदांत ती पहिल्या सहीवाल्यावरच येते. म्हणून वर्षाच्या आत विकायची वेळ आली तर घेणाऱ्याकडून तसंच नो-एक्सपोर्ट लिहून घ्यायचं, त्याचं लायसन्स आणि पत्ता ठेवायचा, कंपनीच्या नावानं घेणारा आणि रोख पैसे दाखवून घाई करणारा असेल तर थांबायचं.

दुबईवाल्यांसाठी जरा जास्त सावधगिरी. मार्च २०२२ पासून युरोपियन युनियननं ५०,००० युरोच्या वरच्या गाड्या रशियाला पाठवायला बंदी घातली, अमेरिका, ब्रिटन, जपाननंही आपापले निर्बंध लावले. अशी गाडी तिसऱ्या देशातून फिरवून पाठवायला कोणी तुमच्या नावाचा कागद मागत असेल तर तो कंपनीच्या अटीचा प्रश्न राहत नाही, तो निर्बंधांचा प्रश्न होतो, व्हिसा आणि बँक खातं दोन्हीवर येऊ शकतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

तिकडची गाडी इकडे आणायची हौस पुष्कळांना असते, त्याचं थोडक्यात. अमेरिका आणि दुबईच्या गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या, आपल्याकडे उजवं लागतं, त्यामुळे विषय तिथंच संपतो. जपान, ब्रिटन, सिंगापूरची उजव्या बाजूची असली तरी जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्युटी आणि टॅक्स मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरावे लागतात. कंपन्यांना होमोलोगेशनशिवाय, म्हणजे इथल्या नियमांच्या चाचण्या-मंजुरीशिवाय, वर्षाला २,५०० गाड्या आणायची सवलत २०१८ पासून आहे, ती कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला, तुम्हाला-मला नाही. आणि कार्नेटवर आलेली गाडी कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या, ती ड्युटी न भरता थोड्या दिवसांसाठी आलेली असते आणि परत जावीच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सनं भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी ऑपरेशन नुमखोर केलं तेव्हा गाड्या जप्त झाल्या त्या ज्यांच्या दारात उभ्या होत्या त्यांच्याच.

तुम्ही दुसरे मालक असाल तर

कमी चाललेली, नवी कोरी, सहा-आठ महिन्यांची लिमिटेड गाडी समोर आली की हात शिवशिवतात हे मला कळतं. पण टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याला सरळ विचारा, तुमच्या खरेदीच्या कागदात रीसेलची अट होती का, अंडरटेकिंगची कॉपी दाखवा, कंपनीची ना-हरकत दाखवा. त्याच्या करारावर तुमची सही नाही त्यामुळे दंड तुमच्यावर सहसा येत नाही, तुमचं नुकसान वॉरंटीत होतं. म्हणून चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला स्वतः जा, विकणाऱ्याच्या ओळखीच्या माणसाकडे नाही, आणि काउंटरवर विचारा की या नंबरची वॉरंटी आज चालू आहे का आणि मालक बदलल्यावर चालू राहील का. तोंडी नको, मेलवर घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज नावावर करायचा वेगळा फॉर्म असतो तो त्याच दिवशी विचारून घ्या. इंपोर्टेड असेल तर बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सच्या आयातीच्या कागदाची, कॉपी मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी एकेक अक्षर करून जुळवा, आणि वाहन पोर्टलवर आरसीमध्ये एचपी आहे का, मालक क्रमांक किती, रजिस्ट्रेशनची तारीख काय ते बघा. त्याच्या कागदातली मुदत पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले असतील तर विकणाऱ्याला सांगा, टोकन लेखी करू, ट्रान्सफर मुदत संपल्यावर करू, आणि तोपर्यंत गाडी त्याच्याच पार्किंगमध्ये, त्याच्याच इन्शुरन्सवर राहू द्या, चावी घेऊ नका. फक्त त्याच्या कागदात "विकायचा प्रयत्नसुद्धा नाही" अशी भाषा असेल तर टोकनही मुदतीनंतरच द्या.